परवडणारा आणि मानवणारा : संवेदनशील त्वचेसाठी चेहऱ्याचा ब्रश

चेहरा स्वच्छ करण्याच्या ब्रशचा बाजार मुख्यतः दोन आकड्यांवर चालतो, एक किमतीचा आणि दुसरा मिनिटाला होणाऱ्या कंपनांचा. पहिला आकडा जितका लहान आणि दुसरा जितका मोठा तितकी खरेदी फायद्याची, अशी समजूत वेष्टनावरील मजकुरातून आणि सवलतींच्या जाहिरातींतून पद्धतशीरपणे करून दिली जाते. ज्यांची त्वचा दणकट आहे त्यांना या समजुतीने फारसा अपाय होत नाही, फार तर चार पैसे वाया जातात. परंतु ज्यांच्या गालांना साधा साबणही झोंबतो, उन्हातून घरात आल्यावर ज्यांचा चेहरा बराच वेळ भगभगत राहतो किंवा नवे क्रीम लावताच ज्यांना चुणचुण जाणवते, अशा संवेदनशील त्वचेच्या ग्राहकांची या दोन्ही आकड्यांनी दिशाभूल होते. ब्रशमधील ज्या भागासाठी सर्वाधिक पैसे मोजावे लागतात तो भाग म्हणजे मोटर, आणि नेमकी तिचीच अशा त्वचेला सर्वांत कमी गरज असते, हे ध्यानात घेतले तर निवड बरीच सोपी होते.

याचे कारण त्वचेच्या अगदी वरच्या थरात आहे. मृत पेशींचा जो सर्वांत बाहेरचा पापुद्रा असतो त्याला शृंगस्तर म्हणतात. तळपायाला तो चांगला जाड असतो, पण चेहऱ्यावर त्याची जाडी साधारण १० ते १५ मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास भरते आणि पापण्यांवर ती त्याहूनही कमी असते. या थरातील चपट्या पेशी भिंतीतल्या विटांसारख्या रचलेल्या असून सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्ले ही स्निग्ध द्रव्ये त्यांच्यामधला चुना होऊन बसलेली असतात, ही अमेरिकी त्वचाशास्त्रज्ञ पीटर एलायस यांची १९८०च्या दशकातील मांडणी आज पाठ्यपुस्तकांत रुळलेली आहे. शरीरातील पाणी बाहेर निसटू न देणे आणि बाहेरचे क्षोभक पदार्थ आत शिरू न देणे, ही दोन्ही कामे प्रामुख्याने याच स्निग्ध सांध्यांकडे असतात. पेशी खालून वर सरकत येतात, पृष्ठभागावर पोहोचून आपोआप गळतात आणि साधारण महिनाभरात वरचा थर नवा होतो. ब्रश, खरखरीत टॉवेल किंवा दाणेदार स्क्रब ही सारी साधने गळायला आलेल्या पेशी थोड्या आधी उचलतात, आणि त्यामुळे धुतल्यानंतर चेहरा तुळतुळीत लागतो. अडचण अशी की गळायला आलेली पेशी आणि अजून कामावर असलेली पेशी यांतला फरक ब्रशला कळत नाही.

प्रयोगशाळेत या थराची स्थिती जोखताना त्वचेतून वाफेच्या रूपाने किती पाणी निसटते हे मोजतात. चिकटपट्टी एकाच जागी पुन्हा पुन्हा लावून आणि ओढून शृंगस्तर मुद्दाम पातळ केला, तर हे निसटणे एकदम वाढते, काही तासांत भरपाई सुरू होते आणि तरुण, निरोगी त्वचेतही ती पूर्ण व्हायला साधारण तीन दिवस लागतात. उतारवयात याहून अधिक. ब्रश अर्थातच चिकटपट्टीइतका कठोर नसतो. तरीही रोज सकाळ-संध्याकाळ घर्षण चालू ठेवल्यास एका दिवसाची झीज भरून येण्याआधीच दुसऱ्या दिवसाची झीज तिच्यात मिळते, आणि मुळातच ज्याचे स्निग्ध सांधे विरळ आहेत त्या चेहऱ्याला हा हिशेब झपाट्याने तोट्यात नेतो.

‘संवेदनशील त्वचा’ हे शब्द जाहिरातींनी इतके सैल करून टाकले आहेत की त्यांचा शास्त्रीय अर्थ आधी सांगणे भाग आहे. खाजेचा अभ्यास करणाऱ्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय मंचाने २०१७ मध्ये केलेल्या व्याख्येनुसार, ज्या गोष्टींनी एरवी काही होऊ नये त्यांनी त्वचेला चरचर, जळजळ, वेदना, खाज किंवा मुंग्या जाणवणे आणि त्या जाणिवेचे कारण एखाद्या त्वचारोगात न सापडणे, म्हणजे संवेदनशील त्वचा. अशी त्वचा दिसायला अगदी निकोप असू शकते किंवा तिच्यावर लाली असू शकते. तिच्यामागे शृंगस्तराचा पातळ पडलेला अडसर असतो आणि त्याच्या जोडीला चेतातंतूंची वाढलेली सावधताही असते. मिरचीतील कॅप्सेसिन ज्या ग्राहीला चिकटून आग पेटवते तोच टीआरपीव्ही-१ नावाचा ग्राही उष्णतेलाही प्रतिसाद देतो आणि संवेदनशील त्वचेतील जळजळीत त्याचा वाटा असावा असे मानले जाते. हा ग्राही ओळखणारे डेव्हिड ज्युलियस २०२१च्या वैद्यकातील नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी होत. व्याख्येतील मुख्य गोष्ट अशी की हे निदान माणसाच्या स्वतःच्या जाणिवेवर उभे आहे. चेहरा लाल दिसत नाही म्हणून झोंबणे खोटे ठरत नाही.

ही जाणीव मोजण्याची एक जुनी पद्धत १९७७ मध्ये पीटर फ्रॉश आणि अल्बर्ट क्लिगमन यांनी वर्णिली. नाकाच्या बाजूला, गालाच्या घडीत सौम्य लॅक्टिक आम्ल लावायचे आणि काही मिनिटांत किती झोंबते ते विचारायचे, इतकी ती साधी आहे. याच क्लिगमन यांचे नाव फिलाडेल्फियातील होम्सबर्ग तुरुंगात कैद्यांवर वर्षानुवर्षे केलेल्या त्वचेच्या प्रयोगांमुळे कायमचे डागाळले आहे, आणि विसाव्या शतकातील त्वचाशास्त्राचे काही ज्ञान कोणाच्या कातडीच्या मोलाने मिळाले याची आठवण सौंदर्यप्रसाधनांच्या चर्चेत सहसा कोणी काढत नाही. त्यांनी १९७५ मध्ये डागांवर सुचवलेल्या मिश्रणात हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड अशी तीन औषधे होती. त्या धर्तीची स्टेरॉइडयुक्त मलमे भारतात पुढे डॉक्टरांच्या देखरेखीबाहेर पडून गोरेपणाची क्रीमे म्हणून खपू लागली आणि चेहऱ्याच्या ब्रशचा विषय इथे भारतीय वाचकाच्या अगदी जवळ येतो.

महिनोन्‌महिने असे मलम लावलेल्या चेहऱ्याची त्वचा पातळ होते, तिच्यावर लालसर केशवाहिन्या दिसू लागतात, मुरमे येतात, कधी नको तिथे केस वाढतात आणि मलम बंद करताच आगडोंब उसळतो, म्हणून माणूस पुन्हा तेच मलम लावतो. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेला ‘टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस’, म्हणजे स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा, असे स्वतंत्र नाव दिले, त्यांच्या अखिल भारतीय संघटनेने तिच्याविरुद्ध मोहीम चालवली आणि २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक मलमे चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या औषधांच्या यादीत, अर्थात शेड्यूल एचमध्ये टाकली. कायदा झाला तरी ओळखीच्या दुकानातून ट्यूब मिळणे थांबलेले नाही. त्यामुळे ‘माझी त्वचा जन्मजात नाजूक आहे’ असे सांगणाऱ्या माणसाच्या कपाटात बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन हा शब्द छापलेली ट्यूब आहे का, हे ब्रशच्या चौकशीआधी पाहिलेले बरे. ती सापडली तर कोणताही ब्रश, स्वस्त वा महाग, त्या चेहऱ्यासाठी नाही. तिथे त्वचारोगतज्ज्ञाच्या सल्ल्याने मलम सोडवण्याचे उपचार आधी व्हावे लागतात.

यंत्राचा इतिहास फार जुना नाही, पण किमतीचे कोडे त्यातूनच सुटते. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातील एका कंपनीने २००४ मध्ये क्लॅरिसॉनिक हा ब्रश बाजारात आणला. तिच्या संस्थापकांत ‘सॉनिकेअर’ या कंपन पावणाऱ्या विजेच्या दातांच्या ब्रशच्या निर्मितीशी संबंधित मंडळी होती आणि तेच तत्त्व त्यांनी गालावर आणले. त्यापूर्वीचे आणि आजही स्वस्तात मिळणारे साधे ब्रश गरगर फिरतात, म्हणजे त्यांचे तंतू त्वचेवरून एकाच दिशेने घासत जातात आणि हाताने दाबले तर कातडी ओढतात. क्लॅरिसॉनिकचे डोके पूर्ण फिरत नसे, ते एका लहानशा कोनात सेकंदाला सुमारे ३०० वेळा मागे-पुढे हलत असे, त्यामुळे त्वचा ओढली न जाता थरथरावी अशी योजना होती. एका मिनिटाने यंत्र आपोआप थांबे आणि त्या मिनिटाची वाटणीही ठरलेली असे: कपाळाला २० सेकंद, नाक व हनुवटीला २० आणि प्रत्येक गालाला १० सेकंद. गालांना सर्वांत कमी वेळ दिलेला असणे अर्थपूर्ण आहे, कारण तेलग्रंथी कपाळ, नाक आणि हनुवटीवर दाट असतात आणि गाल लवकर कोरडे पडतात. आज मिळणाऱ्या स्वस्त यंत्रांच्या माहितीपत्रकात ही वाटणी क्वचितच आढळते.

लॉरेआलने २०११ मध्ये ही कंपनी विकत घेतली आणि सप्टेंबर २०२० अखेर तो ब्रँड बंद केला. ज्यांनी हे यंत्र शेकडो डॉलरच्या हिशेबाने जपले होते त्यांच्या हातात चालू मोटर उरली, पण तिच्यावर बसवायची डोकी मिळणे दुर्मीळ होत गेले, कारण डोके दर तीन महिन्यांनी बदलावे लागे आणि ते त्याच कंपनीचे लागे. एका डोक्याला सुमारे २५ डॉलर धरले तर वर्षाला शंभर डॉलर निव्वळ तंतूंवर जात. परवडणारा ब्रश शोधणाऱ्याने मूळ किमतीआधी हा चालू खर्च विचारावा. सुटे डोके वेगळे मिळते का, ते तीन वर्षांनी मिळेल का आणि मिळणार नसेल तर जुन्याच झिजलेल्या, वाकलेल्या तंतूंनी चेहरा घासत राहण्याचा मोह आवरता येईल का, हे प्रश्न छापील सवलतीहून महत्त्वाचे आहेत.

डोके बदलण्याची कटकट टाळणारा पर्याय २०१३ मध्ये आला, तो फोरिओ या स्वीडिश कंपनीच्या लुना यंत्राने. त्यात नायलॉनचे तंतू नव्हते, तर अखंड सिलिकोनच्या कवचावर उठवलेले मऊ बोथट दाणे होते आणि आतली मोटर त्यांना कंप देत होती. बदलण्यासारखे काही नसल्याने चालू खर्च जवळजवळ संपला, पण मूळ किंमत मोठी राहिली. आज भारतातील दुकानांत आणि ऑनलाइन बाजारात दिसणारी गोल किंवा अंडाकृती, गुलाबी किंवा फिरोजी रंगाची बहुतेक यंत्रे याच कल्पनेची स्वस्त रूपे आहेत. त्यांच्या वेष्टनावर ‘मिनिटाला ६००० कंपने’ असे ठळक छापलेले असते, ज्याचा अर्थ सेकंदाला १०० इतकाच होतो. सेकंदाऐवजी मिनिट धरले की आकडा साठपट फुगतो आणि तो फुगलेला आकडा त्वचेला अधिक स्वच्छ करतो असे समजायला काहीच आधार नाही.

हातापेक्षा सहापट चांगली सफाई, हा क्लॅरिसॉनिकच्या जाहिरातीतील गाजलेला दावा होता आणि तो प्रामुख्याने मेकअप निघण्याबाबत होता. दिवसभर जाड मेकअप ठेवावा लागणाऱ्या व्यक्तीला त्यात काही अर्थ असेलही, परंतु बसच्या धुळीने आणि घामाने मळलेला चेहरा मेकअपने झाकलेल्या चेहऱ्याहून कितीतरी सहज धुतला जातो. शिवाय या यंत्रांवरचे अभ्यास बहुधा थोड्या व्यक्तींवर, थोडे आठवडे आणि अनेकदा उत्पादकाच्याच खर्चाने झालेले असतात. याउलट अमेरिकन अकॅडमी ऑफ डर्मेटॉलॉजी ही त्वचारोगतज्ज्ञांची संस्था चेहरा धुण्याच्या सर्वसाधारण सूचनांत कोमट पाणी आणि बोटांची टोके एवढेच सांगते, आणि फडके, जाळीदार स्पंज किंवा बोटांखेरीज अन्य काहीही त्वचेला त्रास देऊ शकते असे स्पष्ट बजावते. या विषयावरील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी छापला जाणारा सल्ला हाच आहे.

तरीही कोणाला ब्रश हवाच असेल, कारण बोटांनी धुतल्यावर नाकाच्या कडेला सनस्क्रीनचा थर राहतो किंवा हातांत संधिवाताची दुखणी असल्याने बोटे फिरवणे कठीण जाते, तर त्याने आधी मोटर नसलेले सिलिकोनचे पॅड पाहावे. ते शंभर-दोनशे रुपयांत मिळते, बोटे अडकवायला मागे पट्टी किंवा खाच असते आणि दाब पूर्णपणे स्वतःच्या हातात राहतो. विकत घेताना ते उलटेसुलटे करून नीट निरखावे. दाण्यांची टोके गोल आणि लवचिक आहेत का, साच्यातून काढताना राहिलेली धारदार कड कुठे लागते का, वाकवल्यावर दाणे सहज लवतात की ताठ राहतात, हे बोटाला चटकन कळते. मात्र परीक्षा घ्यायची ती बोटावर न घेता ओठाच्या बाहेरच्या कडेवर किंवा मनगटाच्या आतील बाजूला घ्यावी, कारण कामाने राठ झालेले बोट फसवते. तिथे कोरडे पॅड हलकेच फिरवूनही ओरखड्यासारखे वाटले तर ओल्या गालावर ते मऊ होईल अशी आशा ठेवू नये. दाण्यांच्या बुडाशी असलेल्या फटीही पाहाव्यात. त्या फार अरुंद व खोल असतील तर साबणाचा चिकट थर तिथेच बसतो आणि दोन आठवड्यांत कुबट वास येऊ लागतो.

तंतूंच्या ब्रशची पारख याहून अवघड आहे. नायलॉनचा तंतू कापला की त्याचे टोक सपाट आणि कडा तीक्ष्ण असते, म्हणून चांगले उत्पादक टोके घासून गोल करतात किंवा तंतू टोकाकडे निमुळता काढतात. अगदी स्वस्त मालात हे काम बहुधा गाळले जाते. साध्या भिंगातून ती टोके दिसतात. सर्व तंतू एका उंचीचे आहेत का आणि बुडाशी गच्च बसलेले आहेत का, हेही भिंगाखाली कळते, कारण सैल तंतू सुटून पापणीत जाऊ शकतो. ‘नैसर्गिक केसांचा ब्रश’ हे शब्द ऐकायला बरे वाटतात, परंतु प्राण्यांचे केस पाणी धरून ठेवतात आणि उशिरा वाळतात. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्याचे चार महिने न्हाणीघरातला टॉवेलही धड वाळत नाही, तिथे असा ब्रश बुरशीला आमंत्रणच देतो. सिलिकोनला छिद्रे नसतात, ते झटकले की कोरडे होते, आणि दमट हवेच्या प्रदेशात हा एक गुण बाकी सर्व गुणांवर भारी पडावा.

मोटरचे यंत्र घ्यायचेच असेल तर वेष्टनावर आयपीएक्स या अक्षरांपुढचा अंक शोधावा. हे पाण्यापासूनच्या बचावाचे आंतरराष्ट्रीय मापन असून त्यातील ४ म्हणजे चारही बाजूंनी उडणाऱ्या शिंतोड्यांपासून बचाव आणि ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाले तरी आत पाणी न शिरणे. न्हाणीघरात वापरायच्या वस्तूला ७ हवाच, आणि नुसते ‘वॉटरप्रूफ’ असे लिहिलेले असेल तर ते काहीच न लिहिल्यासारखे आहे. वेग कमी करता येतो का, घड्याळ लावून ते आपोआप थांबते का, या दोन सोयी संवेदनशील त्वचेसाठी उपयोगाच्या आहेत. उष्णता देणारी पट्टी, रंगीत दिवे आणि मोबाइलशी जोडणी या सोयींसाठी एक रुपयाही जास्त देण्याचे कारण नाही, आणि उष्णतेने भगभगणाऱ्या चेहऱ्याला तर पहिली सोय अपायकारकच आहे. आवेष्टित वस्तूंविषयीच्या २०११च्या नियमांनुसार पाकिटावर कमाल किरकोळ किंमत, उत्पादक किंवा आयातदाराचे नाव-पत्ता, आयात मालाचा मूळ देश आणि तक्रारीसाठी संपर्क असणे बंधनकारक आहे. जिथे हा मजकूरच नाही, तिथे सिलिकोन कोणत्या प्रतीचे आहे हे विचारण्यात वेळ घालवू नये. तक्रार करायची झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

पाश्चात्त्य माहितीपत्रकांत ज्याचा उल्लेख फारसा नसतो, अशी एक गोष्ट सावळ्या आणि गव्हाळ त्वचेच्या बाबतीत लक्षात ठेवावी लागते. गोऱ्या कातडीवर जास्त घासल्याचा परिणाम लालीच्या रूपाने लगेच दिसतो आणि माणूस हात आवरतो. गडद त्वचेवर लाली झाकली जाते, मात्र दाह झालेल्या जागी रंगद्रव्य जास्त तयार होऊन काही आठवड्यांनी तपकिरी डाग उमटतो आणि तो कित्येक महिने रेंगाळतो. नायलॉनच्या खरखरीत टॉवेलांनी अंग घासणाऱ्यांच्या पाठीवर आणि हाडांच्या उंचवट्यांवर पडणाऱ्या काळ्या जाळीदार पट्ट्यांची नोंद जपानमध्ये १९८०च्या दशकापासून झाली, आणि भारतातही वज्री, काथ्या किंवा प्लास्टिकच्या घासणीने मळ काढण्याच्या नादात असे काळवंडणे त्वचारोगतज्ज्ञांच्या नित्य पाहण्यात आहे. यातला करुण भाग असा की रुग्ण त्या काळेपणाला मळ समजून आणखी जोराने घासतो. गालाच्या हाडावर वांग असलेल्या स्त्रीने ‘डाग निघतील’ या आशेने ब्रश घेतला तर नेमके हेच घडू शकते.

काही त्वचारोगांत तर घर्षण हेच रोगाचे निमित्त होते. सोरायसिस, लायकेन प्लेनस आणि कोड या विकारांत जिथे त्वचेला इजा होते तिथे नवे चट्टे उठू शकतात. जर्मन वैद्य हाइनरिश कोबनर यांनी १८७२ मध्ये सोरायसिसच्या संदर्भात हे नोंदवले म्हणून त्याला कोबनर परिणाम म्हणतात. चपट्या चामखिळींचे विषाणू घासण्याने रेषेत पसरतात, दाढी करणाऱ्या पुरुषांच्या हनुवटीवर ते अनेकदा पाहायला मिळते. दाब व घर्षणाने वाढणाऱ्या मुरमांना ‘अ‍ॅक्ने मेकॅनिका’ असे नाव १९७५ मध्ये मिळाले, त्यामुळे सुजलेली मुरमे ब्रशने ‘आतून साफ’ करण्याची कल्पना मुळातच उलटी आहे. रोजेशिया, इसब, ओठांवरची नागीण किंवा उन्हाने पोळलेला चेहरा असताना, आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असताना आणि रात्री रेटिनॉइड किंवा आम्लयुक्त सीरम लावणाऱ्यांनी त्या दिवसांत ब्रश बाजूलाच ठेवावा. रोज दाढी करणाऱ्या पुरुषाच्या चेहऱ्याचा वरचा थर वस्तऱ्याने आधीच खरवडलेला असतो, त्याला दाढीच्या दिवशी आणखी काही घासण्याची गरज नसते.

ब्रशइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, परिणाम सोबतच्या साबणाचा होतो. त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी, साधारण साडेपाच सामूच्या खाली असतो. सामू म्हणजे आम्लता-अल्कता मोजण्याचे परिमाण. परंपरागत साबणाचा सामू ९ ते १० असतो आणि तो स्निग्ध सांधे विस्कळीत करतो, मग ब्रश त्या विस्कळीत थरावर फिरतो. वडीवर टीएफएम, म्हणजे एकूण मेदद्रव्याचे प्रमाण, ७६ टक्के छापलेले असले तरी तो दर्जा साबणाच्या भरीवपणाचा आहे, सामूचा नव्हे. म्हणून संवेदनशील त्वचेसाठी सिंडेट, म्हणजे साबण न वापरता कृत्रिम सौम्य फेनकारकांपासून केलेली वडी किंवा सुगंधविरहित, कमी फेसाचे क्लेन्झर घ्यावे. पाणीही यात भागीदार असते. शेफील्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जड, म्हणजे कॅल्शियमचे क्षार अधिक असलेल्या, पाण्याने धुतल्यावर त्वचेवर फेनकारकाचा अंश जास्त राहतो आणि त्याने दाह वाढतो असे आढळले. महाराष्ट्रात बोअरवेलच्या पाण्यावर राहणाऱ्या कुटुंबांना बादलीवर जमणारा पांढरा थर परिचयाचा आहे. अशा घरात चेहऱ्यापुरते अर्धा तांब्या पिण्याचे पाणी वापरणे हा महागड्या यंत्राहून उपयोगी खर्च ठरतो.

वापरण्याची रीत साधी आहे. चेहरा आधी भिजवावा, क्लेन्झर बोटांनी पसरावे आणि त्यानंतर पॅड आपल्या वजनाने टेकवून कपाळ, नाक व हनुवटीवर वीस-तीस सेकंद फिरवावे. गाल पहिल्या काही आठवड्यांत पूर्ण वगळावेत आणि डोळ्यांभोवती तर कधीच फिरवू नये. सुरुवात आठवड्यातून एकदा करावी आणि अडसर भरून येण्याचा काळ पाहता दोन वेळांच्या पुढे जाऊ नये. चेहरा टिपून अद्याप ओलसर असताना मॉइश्चरायझर लावावे. ते नेहमीचेच असून त्या दिवशी झोंबले, तर ब्रशने मर्यादा ओलांडली असे समजून निदान दोन आठवडे विश्रांती द्यावी. पॅड दर वापरानंतर धुऊन, झटकून, न्हाणीघराबाहेर उभे ठेवावे आणि घरातल्या दुसऱ्या कोणालाही देऊ नये.

यंत्र येण्याच्या कितीतरी आधीपासून मराठी घरांत डाळीचे पीठ आणि साय यांनी चेहरा धुतला जातो, त्याचाही येथे विचार करायला हवा. सायीतील स्निग्धता आणि पिठाची शोषकता यांमुळे साबणाची गरज भागते, परंतु पीठ वस्त्रगाळ असेल तरच ते नाजूक चेहऱ्याला चालते. जाडसर पीठ सुकू देऊन चोळून काढण्याची सवय ब्रशइतकीच झीज करते. दिवाळीच्या उटण्यात नागरमोथा, कचोरा, संत्र्याची साल अशी सुगंधी द्रव्ये असतात आणि नैसर्गिक असली तरी त्यांची अ‍ॅलर्जी होऊ शकते, म्हणून अभ्यंगस्नानाचे उटणे अंगाला लावावे आणि संवेदनशील चेहरा त्यातून वगळावा.

वापरलेला ब्रश स्वच्छतेच्या कारणास्तव बहुतेक विक्रेते परत घेत नाहीत, म्हणून पैसे देण्याआधी घरातच एक चाचणी करता येते. जुन्या, अनेकदा धुतलेल्या मलमलीचा किंवा तलम सुती साडीचा रुमालाएवढा तुकडा कोमट पाण्यात भिजवून, वर सांगितलेल्या रीतीने आठवड्यातून एकदा आणि दर वेळी धुऊन उन्हात वाळवून, असे महिनाभर कपाळ-नाक-हनुवटीवर फिरवावा. एवढ्यानेही चेहरा चरचरला किंवा कोरडा पडून ताणल्यासारखा वाटू लागला तर बाजारातला कोणताही ब्रश त्या त्वचेला मानवणार नाही, आणि ब्रशसाठी काढून ठेवलेली रक्कम सिंडेट व मॉइश्चरायझरवर खर्च करावी. चरचरले नाही तर शंभर-दोनशे रुपयांचे सिलिकोनचे पॅड घ्यायला हरकत नाही, जरी पुष्कळांना त्या वेळेपर्यंत मलमलीचा तुकडाच पुरेसा वाटू लागलेला असतो.